ट्रॅप म्हणजे पायरी

सटवा ओव्हाळाला दोन गोष्टी येत होत्या. एक म्हणजे कातळ फोडणं आणि दुसरी, कुठला शब्द कुठून आला ते सांगणं. पहिलीवर त्याचं घर चालायचं. दुसरीवर काहीच चालत नव्हतं, पण ऐट सगळी तिचीच.

लिंबागणेशहून बालाघाटाच्या कडेकडेनं निघालं, की डोंगराच्या पोटाशी त्याचं गाव लागतं. निजामाच्या अमदानीत तिथल्या शाळेत उर्दू शिकवायला एक म्हातारे मुन्शी होते. सटवा शाळेच्या दाराबाहेर बसायचा, कारण त्याच्या जातीला आत बसायची सोय नव्हती. मुन्शींना एक खोड होती. कुठलाही शब्द आला, की ते त्याला विचारत, बाबा रे, तू कुठला? मग स्वतःच उत्तर देत, हा अरबी, हा फारसी, हा इथलाच. आतल्या पोरांना त्याच्या जांभया यायच्या. बाहेरच्या पोराला मात्र ते असं काही चिकटलं, की चौथीत शाळा सुटली तरी ते सुटलं नाही.

पुढं तो मोठा झाला, लग्न झालं, मिशा पिकायला लागल्या, तरी तेच. कुणी नुसतं म्हणू दे, बाजाराला चाललो. सटवा ओट्यावरून हाळी देणार, "बाजार फारशी हाय!" कुणी शिंकलं, तर "सर्दी बी तिकडचीच." एखादी बाई चावी हरवली म्हणून घर डोक्यावर घेत असली, तर हा दारात उभा राहून सांगणार, की चावी हा शब्द गोव्याच्या फिरंग्यांनी आणला. अरे, तिला चावी शोधून दे की! पण नाही. बस्तीतली माणसं हसायची. म्हणायची, "भाट आला रे, शब्दांची वंशावळ वाचायला."

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हवा अरबाची, जमीन इराण्याची, पाणी तेवढं आपलं." त्याची बायको दगडाबाई हे पहिल्यांदा ऐकताना भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पाणी आपलं हाय व्हय? मग आना की घागरभर, कुणाला न इचारता."

 तिचं काही खोटं नव्हतं. गावाच्या मध्यभागी दगडी बारव होती, चांगली रुंद पायऱ्यांची. त्या पायऱ्यांवर ओव्हाळांच्या, साळव्यांच्या, जोगदंडांच्या पिढ्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. बायका घागरी घेऊन काठाखाली उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. सटवाच्या आईचा अर्धा जन्म त्या उभं राहण्यात गेला. छप्पन सालानंतर बस्तीनं धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि बारवेकडं जाणंही सोडलं. तेव्हापासून ओढ्यातल्या वाळूत झिरे खणायचे आणि वाटीवाटीनं पाणी गोळा करायचं. उन्हाळ्यात झिरे आटले, की मात्र मान खाली घालून पुन्हा बारवेकडं. स्वाभिमान माणसाला पाजता येत नाही, आणि लेकरं तर पाणीच मागतात.

सटवाचा धंदा सुरुंगाचा. विहिरीच्या तळाशी उतरायचं, घणानं पहार ठोकून कातळाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि "हुश्शाऽऽर!" असं ओरडत वर यायचं. कडा गावापासून मांजरसुंब्यापर्यंत कितीतरी विहिरी त्यानं खाली नेल्या होत्या. दुसऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं, की मालक नारळ फोडायचा, पेढे वाटायचा. सटवाला पेढा वरून हातावर टाकला जायचा. पेढा गोडच असायचा, तो काही म्हणायचा नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा बस्तीला गायरानाची जमीन मिळून थोडेच दिवस झाले होते. डोंगराच्या अंगची, खडकाळ, सीताफळीच्या झुडपांची. दिली म्हणजे दिली, एवढंच. सगळ्या घरांनी मिळून तिथं सामुदायिक शेतीची सहकारी संस्था काढली. सटवाचा पुतण्या शहादेव मॅट्रिक झालेला, म्हणून तो चेअरमन. पत्र्याचा बोर्ड रंगवला, पण बोर्डाखाली पेरायला पाणी नव्हतं. दुष्काळी कामात संस्थेला एक विहीर मंजूर झाली, आणि जागा दाखवायला जीपमधून भूगर्भखात्याचे एक तरुण साहेब आले. त्यांची पेटी आणि हातोडा उचलायला सटवाला दिलं.

साहेब भला माणूस होता. कपाळावर हात धरून त्यानं डोंगराकडं बोट केलं. "सटवाराव, तिकडं बघा. थोडं सपाट, मग एकदम उभा कडा, मग परत सपाट, परत कडा. दिसतंय?"

"दिसतंय की. जिन्यावानी."

"बरोबर. म्हणूनच आमच्या शास्त्रात या दगडाला ट्रॅप म्हणतात. डेक्कन ट्रॅप."

सटवानं पेटी खाली ठेवली. "ट्रॅप? कुठला शब्द हाय ह्यो, साहेब?"

साहेबाला नवल वाटलं. इतक्या गावांत फिरला, पाणी किती खोल, एवढंच सगळे विचारत. शब्द कुठला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तोही खुलला. म्हणाला, "स्वीडन म्हणून एक बर्फाचा देश आहे. तिथं जिन्याच्या पायऱ्यांना त्राप्पा म्हणतात. त्या लोकांनी असल्या दगडाला हे नाव दिलं, इंग्रजांनी ते उचललं. आणि डेक्कन म्हणजे..."

"दख्खन! दक्षिण! त्ये ठाव हाय मला. फुडं सांगा."

"पुढं काय? फार जुन्या काळी जमिनीतून तापलेला रस आला, थिजला, त्याचा काळा कातळ झाला. मधे बराच काळ गेला, वर माती साचली. मग पुन्हा रस आला, त्यानं ती माती भाजून लाल केली. असं खालपर्यंत, काळा कातळ, लाल माती, काळा कातळ, लाल माती. पाऊस मुरत मुरत त्या लाल मातीत येतो आणि खालच्या काळ्या पायरीवर थांबतो. तिथं तुम्हाला पाणी मिळेल."

शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं होतं. पण सटवा तोवर स्वीडनला पोचला होता. साहेबानं चुन्यानं जागा आखून दिली, जीप गेली, आणि सटवा पळत बस्तीत आला. विहिरीचं ठिकाण कुठं, हे सांगायचं सोडून त्यानं सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि डोंगर दाखवला. "जिना हाय त्यो जिना! कपिलधारचं पाणी वरून खाली पडतं, ते बी एका पायरीवरूनच पडतं. आन् आपण सगळे ह्या पायरीवर बसलोत."

शहादेवाची आई भिमाबाई बस्तीत सगळ्यांत वडीलधारी. ती म्हणाली, "सटवा, माझा जलम गेला ह्या डोंगराखाली. जिना हाय हे मला स्वीडनवाल्यानं सांगावं व्हय बे?" लोक हसले. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून डोंगराकडं बघताना सगळ्यांनाच पायऱ्या दिसायला लागल्या.

विहीर सगळ्यांनी मिळून खणली. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेली मिलोची तांबडी ज्वारी खाल्ली आणि खणली. वरचा मुरूम गेला, काळा कातळ आला, सटवाचे सुरुंग उडाले, आणि एका दुपारी पहार भसकन आत गेली. खाली विटकरीसारखी लाल माती होती आणि ती ओली होती. तिच्याखाली पुन्हा काळा कातळ. त्या कातळावर संध्याकाळपर्यंत टाचा बुडतील एवढं पाणी जमलं. साहेबानं सांगितलं तसंच झालं होतं.

मग बस्तीनं एक गोष्ट केली, जी सरकारी नकाशात नव्हती. विहिरीला पायऱ्या बांधल्या. रहाट बसवला असता तर कमी कष्टात भागलं असतं. शहादेवानं तसं म्हणूनही पाहिलं. पण बायका ऐकेनात. त्यांना उतरून पाणी भरायचं होतं. सटवानं डोंगराचाच दगड घडवून एकेक पायरी बसवली. बुद्धवंदना झाली आणि पहिली घागर घेऊन दगडाबाई उतरली. पाण्याशी बसली आणि कुणाला न विचारता घागर बुडवली. वर येताना ती रडत होती. सटवानं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाई. जड हाय."

त्या विहिरीनं बस्तीला चौदा-पंधरा वर्षं माणसासारखं जगवलं. बागायत वगैरे काही झाली नाही, उगीच कशाला खोटं बोला. संक्रांतीपर्यंत थोडी भाजी, जनावरांपुरता थोडा घास, दोन-चार लिंबाची झाडं. पण प्यायचं पाणी कधी तुटलं नाही. रात्रभर लाल थरातून पाझर यायचा आणि पहाटे घागरी भरायच्या.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाझर बारीक झाला. लागोपाठ पावसानं हूल दिलेली. गावातली बारव कोरडी, डोंगराखाली आबासाहेबांची मळ्यातली मोठी विहीर, तीही कोरडी. आबासाहेब म्हणजे गावचं मोठं खटलं, कारखान्याच्या राजकारणातलं, जीप असलेलं. त्यांनी शहादेवाला बोलावून विचारलं, की तुमच्या विहिरीतून आमच्या जनावरांपुरतं पाणी मिळेल का. शहादेवानं हात जोडून नाही म्हटलं. "आमचंच पुरंना, आबा." आबासाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बरं बाबा, तुमचे दिवस आले." आणि हसले. ते हसणं शहादेवाला झोंबलं आणि सटवाला गोड लागलं. गावचा मोठा माणूस त्यांच्याकडं पाणी मागतो, ही गोष्ट त्यानं चार-पाच जणांना तरी जाऊन सांगितली असेल.

आता विहिरीत गुडघाभरसुद्धा पाणी राहत नव्हतं. तरी प्रत्येक घराला हंडा-घागर मिळत होती. विहारापुढं बैठक भरली. भिमाबाई म्हणाली, "हाय त्ये पुरवून प्यावं. आंगोळी बंद करा, ढोरं पाहुण्यांकडं धाडा. पावसाळा काय लई लांब न्हाई." ऐकायला हवं होतं. पण सटवा उठला.

"जिना हाय खाली," तो म्हणाला. "साहेबानं सांगितलंतं. काळा कातळ, लाल माती, पुन्यांदा काळा कातळ, लाल माती. एका पायरीवर येवढी वर्सं पाणी पेलो, तर खालच्या पायरीवर किती आसंल? जिना काय एका पायरीचा आस्तो व्हय?"

 जिना एका पायरीचा नसतो, हे खरंच होतं. खाली लाल माती होती, हेही खरंच. शब्द स्वीडनचा होता, तेही खोटं नव्हतं. सटवा जे जे बोलला त्यात एकही लबाडी नव्हती आणि म्हणूनच कुणाला ते खोडता आलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. उरलेलं अर्धं हळकुंड दिसतच नाही माणसाला.

"किती खाली लागंल, नाना?" शहादेवानं विचारलं.

"ह्यो तळाचा कातळ फोडला की झालं."

ठरलं. तळ कोरडा करायला विहिरीतलं सगळं पाणी उपसून वर आणलं. घरोघरचे हंडे, पिंपं, रांजण भरले, विहारातली स्वयंपाकाची मोठी कढईसुद्धा भरली. सटवाचं वय साठीला टेकलेलं, तरी तो स्वतः खाली उतरला. शहादेव घण मारी, हा पहार फिरवी. तळाचा कातळ असा कठीण, की पहारेचं टोक वळायचं. सटवा वर येऊन बायकांना सांगायचा, "कडक हाय म्हणजे पायरी पक्की हाय!" त्याला त्यातच आनंद. त्यानं नेहमीपेक्षा जास्त दारू ठासली. वात लावली आणि स्वतःच घडवलेल्या पायऱ्या चढत ओरडत आला, "हुश्शाऽऽर!"

जमीन हादरली. धूर निवला तसा सटवा सगळ्यांत आधी खाली गेला. तळाचा कातळ आडवा चिरला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यानं भेगेला कान लावला. खाली खळखळ ऐकू येत होती.

"पाणी!" तो ओरडला. "वाहतं पाणी हाय खाली! लागलं!"

मग काय विचारता! सगळी बस्ती पायऱ्यांवर लोटली. एकेकानं उतरून भेगेला कान लावला. भिमाबाईला दोघांनी धरून खाली नेलं. तिनंही ऐकलं आणि "व्हय रं, वाजतंय," म्हणाली. शहादेवानं संस्थेच्या खोलीतून गुळाची भेली आणून फोडली. खाली पाणी वाहतंय, उद्यापर्यंत वर चढेल, असं सटवानं सगळ्यांना सांगितलं. आणि त्या संध्याकाळी बस्तीनं साठवलेलं पाणी सोडलं. किती दिवसांनी लेकरांना डोक्यावरून आंघोळी घातल्या. धुणी धुतली. कुणीतरी दारापुढं सडा टाकला. दगडाबाईनं नवऱ्याच्या पायांवर गरम पाणी घातलं, त्यानं "पुरं, पुरं" म्हटलं तरी घातलं.

सकाळी विहीर कोरडी होती.

बायका घागरी घेऊन तळापर्यंत गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सटवा उतरला. लाल थरातून पाझर नेहमीसारखा येत होता. बारीक धार भिंतीवरून ओघळत तळाशी येत होती आणि चिरेत शिरून नाहीशी होत होती. खाली खळखळ चालूच होती. कालच्यापेक्षा थोडी हळू.

तेव्हा सटवाला कळलं. काल त्यांनी जे ऐकलं ते येणारं पाणी नव्हतं, ते जाणारं होतं. त्यांचंच. इतकी वर्षं ते ज्या कातळावर थांबलं होतं, तो कातळच त्यानं फोडला होता. साहेब म्हणाला होता, पाणी पायरीवर थांबतं. सटवानं त्यातली पायरी धरली आणि थांबणं सोडलं. त्याला ते वाक्य आता शब्दान् शब्द आठवलं, साहेबाचं बोट, चुन्याची पिशवी, सगळं. एवढं नीट आठवतंय, तर मग काल का नाही आठवलं? तो तिथंच खाली बसला.

"काय झालं, नाना?" शहादेवानं वरून विचारलं. सटवानं सांगितलं. एकदा सांगून शहादेवाला उमगेना, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. 

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. शहादेवानं सिमेंट आणून चिरेत ओतलं. पहाटे पाहिलं तर पाण्यानं बाजूला दुसरी वाट काढली होती, कारण सुरुंगानं सगळा तळच तडकला होता. काळी माती कालवून थापली. शेण-माती थापली. बायकांनी घरातल्या जुन्या गोधड्या आणल्या, त्यांचे बोळे करून पहारेनं भेगांत कोंबले. दगडाबाईनं दिलेली गोधडी तिच्या आईनं शिवलेली होती. थोडा वेळ पाणी साचल्यासारखं व्हायचं, माणसं हरखून बघायची, आणि मग ते हळूहळू उतरायचं, जमिनीनं घोट घोट प्यावं तसं. सटवा ओणवा होऊन तळहातानं भेगा दाबायचा. दहा ठिकाणी दाबायला दहा हात कुठून आणणार? भिंतीवरची धारच घागरीत धरू म्हटलं, तर लाल थर तड्यांतून खाली निथळत गेला आणि दोन दिवसांत भिंतही सुकली.

त्याला कुणी शिवी दिली नाही. त्याची वाट तो बघत होता. भिमाबाईनं तरी दोन शब्द सुनवावेत, म्हणून तो तिच्या दारात जाऊन बसला. तिनं बसायला पोतं दिलं आणि म्हणाली, "तू काय वाईट कराया गेलतास व्हय? आपण समद्यांनीच गूळ खाल्लाय." याहून तिनं जोडा मारला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली की माणूस भांडतो, रडतो, मोकळा होतो. माया केली तर काय करायचं?

चार-सहा दिवस झिऱ्यांतल्या वाटीभर गढूळ पाण्यावर काढले. मग आबासाहेबांचा सालगडी मुंजाजी ओढ्यात भेटला आणि हौसेनं सांगायला लागला, "आमच्या इहिरीला पाणी आलंय! कोरडी ठणठणीत व्हती, आन् एका रातीत पाझर फुटला. लाल मातीतून. आबांनी नारळ फोडला, देवाला आभिषेक केला. लई चवदार हाय पाणी, आयच्यान."

सटवानं डोंगराकडं पाहिलं. वर गायरान, मधे कडा, खाली आबासाहेबांचा मळा. पुढची पायरी तिथं होती. ती कुठवर जाते, हे त्यानं कधी मनात आणलंच नव्हतं. आपल्या विहिरीच्या खाली म्हणजे आपलीच, असं तो धरून चालला होता.

आबासाहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवला, हे मानलं पाहिजे. ज्या माणसांनी आपल्याला नाही म्हटलं होतं, त्यांना त्यांनी आपण होऊन निरोप धाडला, की लेकराबाळांचे हाल करू नका, घागरी घेऊन या. फक्त विहिरीत कुणी उतरू नका, गर्दीत कुणी पडेल, गडी शेंदून घालेल. नियम सगळ्या गावाला तोच होता. कुणालाच नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळं जीव आणखी गुदमरत होता.

दगडाबाई निघाली तेव्हा सटवाही दुसरी घागर घेऊन निघाला. आजवर तो पाण्याला कधी गेला नव्हता.  विहिरीच्या काठावर मुंजाजी बादलीनं शेंदत होता आणि खाली रांगेतल्या घागरींत ओतत होता. आबासाहेब बाजूला खुर्ची टाकून बसले होते, तृप्त चेहऱ्यानं.

"ये, सटवाबा," ते म्हणाले. "बघ, देवानं कसं दिलं ते."

सटवा विहिरीत डोकावला. लाल थरातून पाझर येत होता. बोटभर जाडीची, ओळखीची धार. काही दिवसांपूर्वी ती त्याच्या तळहाताखालून गेली होती.

"आबा," तो म्हणाला, "ह्ये आमचं पाणी हाय."

रांगेतल्या बायका थबकल्या. मुंजाजीची बादली अर्ध्यात थांबली. आबासाहेब हसले. हसण्यात वाकडेपणा नव्हता. "आरं, पाण्यावर काय नाव लिव्हलेलं आस्तं व्हय? तुमच्या इहिरीतलं तुमचं, माझ्या इहिरीतलं माझं. आन् म्या न्हाई म्हणतोय का? न्या की."

सटवाला सांगता आलं असतं. काळा कातळ, लाल माती, सुरुंग, भेग, सगळं सांगता आलं असतं. जगातल्या कुठल्याही शब्दाचं गाव तो सांगू शकत होता. पण या धारेचं गाव कुठलं, याला साक्ष कोण देणार? आणि सिद्ध झालं तरी काय? पाणी काही पायऱ्या चढून वर येणार नव्हतं.  मागून शहादेवाच्या बायकोनं हळूच म्हटलं, "नाना, रांग खोळंबलीय."

दगडाबाई पुढं झाली. काठाखाली उभी राहिली, कमरेत वाकली आणि घागर दोन्ही हातांनी वर धरली. कुणी शिकवायची गरज पडली नाही. सटवाची आई अशीच धरायची. वरून पाणी आलं. तिची घागर भरली आणि सटवाची पाळी आली. त्याला कसं उभं राहायचं ते माहीत नव्हतं. धार घागरीच्या काठावर आपटून त्याच्या सदऱ्यावर सांडायला लागली, तशी दगडाबाईनं पुढं होऊन त्याच्या हातांखाली हात लावले आणि घागर नेमकी धारेखाली आणली.

"नीट धरा," ती म्हणाली. "सांडलं तर पुन्यांदा मागावं लागंल."